रुमाल उचलला तेव्हा

भाव ठरवायचा असेल तर आधी हातावर रुमाल टाकायचा, अशी आपल्याकडच्या घाऊक बाजारांची कित्येक पिढ्यांची रीत होती. शेतकऱ्याचा माल समोर ढिगात पडलेला असे. अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर उकिडवे बसत, रुमालाखाली किंवा धोतराच्या सोग्याखाली एकमेकांचे हात धरत आणि बोटं दाबून बोलू लागत. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा धरला की पाच. ते रुपये समजायचे की आणे, हे दोघांनाही मालावरून आणि हंगामावरून ठाऊक असे. तोंडातून शब्द निघत नसे. एक खरेदीदार उठला की दुसरा बसे, मग तिसरा. शेवटी अडत्या हात सोडवून घेई आणि त्यांच्यातल्या एकाकडे बघून मान डोलावी. सौदा झाला. या पद्धतीला हत्ता म्हणत.

ज्याचा माल, तो तिथेच उभा असे. त्याला दिसे ते फक्त कापड.

माझे आजोबा वऱ्हाडातल्या एका कापूस बाजारात मापारी होते. मी त्याच तालुक्याच्या बाजार समितीत लिलाव लेखनिक म्हणून लागलो आणि सचिव होऊन निवृत्त झालो. कापसाचा हत्ता मी पाहिला नाही. माझ्या वेळेपर्यंत तो कायद्याने बंद झाला होता. आजोबांनी मात्र तो जवळून पाहिला होता, आणि गुरांच्या बाजारात तो आजही कुणालाही पाहता येतो. आजोबा एका कास्तकाराचं बोलणं नेहमी सांगत : "कापूस माहा, अन् भाव त्याइच्या बोटात." मी पुढे नोकरीत जे जे नियम राबवले, ते सगळे या तक्रारीला दिलेलं उत्तर होतं असं मला वाटतं. ते उत्तर द्यायला किती वर्षं लागली आणि त्यात कोणाकोणाचा हात होता, हे आता यार्डात वावरणाऱ्या तरुणांना ठाऊक नाही, म्हणून लिहितो आहे.

हत्त्याची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणंही ऐकून घ्यायला हवं. ते म्हणत, भाव झाकला की प्रत्येक खरेदीदार आपल्या अंदाजाने बोली लावतो, दुसऱ्याच्या मागे जात नाही. हलक्या मालाला चारचौघांत कमी भाव पुकारला तर मालवाल्याची अब्रू जाते, रुमालाखाली ती राखली जाते. आवाज चढत नाहीत, भांडणं होत नाहीत. यातलं पहिलं म्हणणं तर अगदीच टाकाऊ नाही. सरकारी कंत्राटांच्या निविदा आपण आजही बंद पाकिटात मागवतोच. पण निविदेचं पाकीट शेवटी सगळ्यांसमोर फोडलं जातं. रुमालाखालची बोली कधीच फुटत नसे. पाच जणांनी हात धरले, त्यांतल्या सर्वांत मोठ्या बोलीला माल गेला की अडत्याच्या मर्जीतल्याला गेला, हे त्या पाचांनाही कळत नसे, मग शेतकऱ्याला कुठून कळणार? अडत्या शेतकऱ्याकडून अडत घेई, म्हणजे तो शेतकऱ्याचा माणूस. पण शेतकरी वर्षातून दोन-तीनदा बंडी घेऊन येणार आणि खरेदीदार रोज सकाळी दारात. कुणाला दुखवायचं नाही, हे माणूस मनात न ठरवताही ठरवतो.

संशयाचं मूळ इथे होतं. अडत्या लबाड होता असं मी म्हणत नाही. माझ्या पाहण्यातले कितीतरी अडत्ये शब्दाचे पक्के होते. पण रुमालाखाली सचोटीचा अडत्या आणि लबाड अडत्या सारखेच दिसत. प्रामाणिक माणसाला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करायची सोयच त्या व्यवहारात नव्हती. झाकलेल्या व्यवहारात शेतकरी बुडतो हे सगळेच सांगतात. चांगला व्यापारीही बुडतो, हे कोणी सांगत नाही.

भाव ठरला तरी हातात काय पडेल, ते पट्टी हाती येईपर्यंत कळत नसे. अडत, दलाली, हमाली, तोलाई, वाराई ही कामाची नावं. त्यांच्यानंतर धर्मादाय, गोरक्षण, पांजरपोळ यांच्या नावाने कपात. नमुना म्हणून ओंजळी-ओंजळीने काढलेला माल परत ढिगात पडत नसे. पोत्याच्या वजनापोटी आणि मालातल्या कचऱ्यापोटी कडता कापला जाई, तो किती हे बाजारागणिक वेगळं. एकेक रक्कम पाहिली तर आण्या-दोन आण्यांची, त्यामुळे तिच्यावरून वाद घालणारा माणूस चिक्कू ठरायचा. आजोबा सांगत की धर्मादायाला तर कोणी तोंडच उघडत नसे. देवाच्या नावाला नाही कोण म्हणणार? तो पैसा देवापर्यंत पोचला का, हे विचारायची पद्धत नव्हती.

वजनाचं प्रकरण तर याहून वाईट. मण हा शब्द सगळ्या मुलखात एकच, वजन मात्र जागोजाग निराळं. मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि रेल्वेवर चालणारा बंगाली मण ८२ पौंडांहून थोडा जास्त, म्हणजे जवळजवळ तिप्पट. वीस मणांची खंडी ही सर्वसाधारण समजूत, पण मुंबईच्या कापूस बाजारातली खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे तिथल्या २८ मणांची. धान्य तर वजनाने जाईच असं नाही. पायली आणि शेर ही मापं होती, आणि माप शीग लावून भरायचं की बोटाने सपाट करायचं यात मापाऱ्याच्या मनगटाचा प्रश्न होता. आजोबा ज्या धंद्यात होते त्या धंद्याबद्दल मी हे लिहितो आहे, आणि तेही हे लपवत नसत. मापाऱ्याला मजुरी कोण देतो यावर त्याचं मनगट कुठे वळेल ते ठरे, असं ते सांगत. त्या काळी बहुतेक ठिकाणी मापारी अडत्याचाच माणूस असे.

शेतकरी तेवढा भोळा आणि बाकी सगळे चोर, असं चित्र रंगवायला मी तयार नाही. कापसाचा इतिहास त्याला आधार देत नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याबरोबर कापसात पाणी, सरकी, माती मिसळण्याचा उद्योगही वाढला. शेतकरी ओला कापूस आणी, गावचा खरेदीदार त्यात हलका कापूस मिसळी, गाठी बांधणारा त्यात कचरा दडपी. लिव्हरपूलचे व्यापारी आपल्या कापसाच्या नावाने बोटं मोडत. मुंबई सरकारला १८६३ साली कापसातल्या भेसळीविरुद्ध खास कायदाच करावा लागला. यातली खरी मेख अशी की ज्याने स्वच्छ, कोरडा कापूस आणला त्यालाही भाव मिळे तो भेसळ गृहीत धरूनच. खरेदीदार मनातल्या मनात सगळ्यांचाच कडता कापून ठेवी. मग स्वच्छ कापूस आणायचा कशाला, असं शेतकऱ्याला वाटे, आणि ते चुकीचं कसं म्हणावं? प्रत्येक जण दुसऱ्याच्या लबाडीचा हिशेब आधीच धरून चालला होता, आणि त्या हिशेबात सगळ्यांचाच माल स्वस्त होत होता.

त्यानंतर काही वर्षांनी दख्खनात जे घडलं ते बाजाराचं नसलं तरी याच दुखण्याचं होतं. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि तो उठाव पुणे-नगरकडच्या गावोगाव पसरला. त्या दंगलींत शेतकरी कशावर तुटून पडले, ते लक्षात घेण्यासारखं आहे. त्यांनी हिशेबाचे कागद मागितले. कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढून जाळल्या. आपल्या नावावर काय लिहिलं आहे हे ज्याला वाचता येत नाही आणि कोणी वाचून दाखवत नाही, त्याला ती वहीच शत्रू वाटू लागते. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. त्यात कर्जाची मुदत आणि तुरुंगवास यांबद्दल तरतुदी होत्याच. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की पैसे भरले तर लेखी पावती आणि मागितला तर हिशेबाचा उतारा मिळवण्याचा हक्क कुळाला मिळाला. वही सावकाराच्या घरातच राहिली, पण तिचं एक पान दारापर्यंत आलं. महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८८३ मध्ये लिहिला गेला.

आता वऱ्हाडाकडे येतो. १८५३ च्या तहानंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे होता, पण तो हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत चाले. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा पोचला आणि कापूस थेट मुंबईच्या वाटेला लागला. हंगामात एकेका बाजारात बंड्यांच्या रांगा लागत. अशा गर्दीत रुमाल, मनगट आणि तोंडी हिशेब यांवर चालणारा बाजार तग धरू शकत नव्हता. १८८६ साली रेसिडेन्सीच्या हुकुमाने कारंज्याचा कापूस बाजार नियमनाखाली आला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याची नोंद होते. आज वाशिम जिल्ह्यात असलेलं हे कारंजा लाड बहुतेकांना नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून माहीत आहे. दत्तभक्तांच्या त्या गावाला जाणाऱ्या आमच्या लोकांना मी नेहमी सांगतो, मंदिरातून निघाल्यावर बाजाराकडेही एक चक्कर मारा.

पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. बाजाराची जागा ठरली, समिती आली, अडत्ये आणि मापारी यांना परवाना घ्यावा लागू लागला. इंग्रजांना शेतकऱ्याचा कळवळा आला म्हणून हे घडलं, असं कोणी समजू नये. लँकेशायरला खऱ्या वजनाचा आणि निर्भेळ कापूस हवा होता. त्यामुळे समित्यांवर भरणा व्यापाऱ्यांचाच राहिला, ज्याचा माल त्याला तिथे जागा नव्हती. १९२८ साली लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कृषी आयोगाने ही उणीव दाखवून दिली आणि देशभर नियंत्रित बाजार उभारावेत अशी शिफारस केली. रुमालाखालच्या सौद्यांना त्यात थारा नव्हता.

मधल्या काळातला एक कायदा फारसा कोणाला आठवत नाही, पण मला तो फार आवडतो. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण आणि अनुक्रमांक घालणं सक्तीचं झालं. तोपर्यंत गाठ एकदा गोदीत पोचली की ती कोणाची होती हे सांगायला कोणी नसे. आता लिव्हरपूल किंवा जपानमध्ये गाठ फोडल्यावर आत दगड निघाला तर कोणत्या गावच्या कोणत्या प्रेसमध्ये ती बांधली, हे शोधता येऊ लागलं. आणि ज्याच्या गाठी सरळ निघत, त्याच्या खुणेला दोन पैसे जास्त मिळू लागले. प्रामाणिक माणसाला स्वतःचं नाव मालावर लिहिता आलं, ही मोठी गोष्ट होती.

कायद्यांची पुढची मालिका थोडक्यात सांगतो. मुंबई प्रांताचा १९२७ चा कापूस बाजार कायदा, मग १९३९ चा शेतमाल बाजार कायदा, आणि संयुक्त महाराष्ट्रानंतर तिन्ही विभागांना एक करणारा १९६३ चा महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन कायदा, जो १९६७ पासून अमलात आला. समित्यांवर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी बहुसंख्य झाले. उघड लिलाव हा नियम झाला.

उघड लिलाव म्हणजे नेमकं काय होतं, ते मात्र सावकाश सांगावं लागेल, कारण माझी निम्मी नोकरी त्यात गेली.

सकाळी गेटवर आवक नोंदली जाते. अडत्याच्या गाळ्यासमोर ढीग लागतो; ढीग एकसारखा असला पाहिजे, वर चांगला आणि खाली हलका असा नको. घंटा झाली की लेखनिक वही घेऊन पहिल्या ढिगापाशी जातो. त्याच्यामागे खरेदीदारांचा घोळका. ते मूठभर माल उचलतात, फुंकतात, दाण्याला दात लावून ओल बघतात. पुकारा सुरू होतो. शेवटचा आकडा तीनदा पुकारला जातो आणि मग लेखनिक शेतकऱ्याकडे वळतो. द्यायचा का? भाव पटला नाही तर नाही म्हणायचा त्याला हक्क आहे. नवीन लोकांना हे कळत नाही, पण लिलावातला सर्वांत मोलाचा क्षण हाच. रुमालाच्या काळात शेतकऱ्याला निकाल ऐकवला जाई. इथे त्याला विचारलं जातं. तो हो म्हणाला की भाव, खरेदीदार, अडत्या ही नावं वहीत चढतात, सौदापट्टीच्या प्रती फाटतात आणि घोळका पुढच्या ढिगाकडे सरकतो. मागे हमाल पोती भरायला लागतात, मापारी काट्यावर उभा राहतो, प्रत्येक वजन मोठ्याने पुकारतो आणि काटापट्टी लिहितो. मालाचे पैसे त्याच दिवशी चुकते करायचे, असा नियम आहे.

या सगळ्यात किती माणसं एकमेकांवर विसंबून असतात ते पाहा. लेखनिकाने भाव चुकीचा लिहिला तर मापाऱ्याचं वजन फुकट. मापाऱ्याचं वजन चुकलं तर दिवाणजीची पट्टी खोटी. हमालाने दोन ढिगांची पोती मिसळली तर तिघांची भांडणं. एका ढिगाला अर्धा तास जास्त लागला तर शेवटच्या शेतकऱ्याला रात्र यार्डात काढावी लागते. ही माणसं एका मालकाची नोकर नाहीत. कोणी समितीचा, कोणी अडत्याचा, कोणी स्वतःच्या मजुरीचा. त्यांना एकत्र बांधतं ते मोठ्याने पुकारलेला आकडा. भाव सगळ्यांनी ऐकलेला असतो, वजन सगळ्यांनी ऐकलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याचं काम नकळत तपासत असतो आणि त्याचा राग कोणाला येत नाही.

मापाऱ्याला समितीचा परवाना मिळाला आणि तोलाईचा दर समितीने ठरवला, तेव्हा आजोबांच्या मनगटावरचं ओझं उतरलं. हा शब्दप्रयोग त्यांचाच. १९५८ पासून मेट्रिक वजनं येऊ लागली आणि चारेक वर्षांत मण-शेर-पायली कायद्याच्या पुस्तकातून गेली. लोक कुरकुरले, पण किलो अकोल्याला जेवढा, तेवढाच मुंबईला, हे पटायला वेळ लागला नाही. त्याआधी १९५७ मध्ये आण्यांच्या जागी नवे पैसे आले होते. शंभराचा हिशेब शाळेत गेलेला पोरगाही करू शकतो. बापाच्या पट्टीवर बोट ठेवून "इथं चुकलं" म्हणणारी पोरं यार्डात दिसू लागली ती त्यानंतर.

हमालांची कथा याच इतिहासातली, पण ती वेगळ्या माणसांनी लिहिली. पट्टीत हमाली कापली जाई, ती पूर्ण हमालाच्या हातात पडते का, हे कोण विचारणार? पुण्यात १९५० च्या दशकात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांना संघटित केलं, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यातली मांडणी साधी होती : मालकाने मजुरी आणि वर लेव्ही मंडळाकडे भरायची, मंडळाने ती हमालाच्या नावावर नोंदून त्याला द्यायची. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणाऱ्या माणसाला आपल्या नावाची नोंद पहिल्यांदा दिसली. शेतकऱ्याच्या हक्कासाठी लढणाऱ्या कितीतरी भल्या लोकांनाही हमालाचा हिशेब उघडा हवा हे सुचलं नव्हतं, याची मला आजही खंत वाटते.

रुमाल गेला म्हणून सगळं स्वच्छ झालं, असं मात्र म्हणता येणार नाही. खरेदीदार आदल्या संध्याकाळी चहा पिताना ठरवून येतात की उद्या अमुक आकड्याच्या वर जायचं नाही. लिलाव उघडाच असतो, पुकारा जोरात होतो, पण बोली आधीच ठरलेली. लेखनिकाला ते आवाजावरून कळतं; पुकाऱ्यात धार नसते. यावर आरडाओरडा करून काही होत नाही, कारण दाखवायला पुरावा नसतो. दोनच गोष्टी कामी येत. एक, बाहेरचा खरेदीदार आणणं. दुसरी, शेजारच्या बाजारांचे भाव गेटवरच्या फळ्यावर लिहिणं. आकाशवाणीवर संध्याकाळी बाजारभाव लागत, तेव्हा गावागावांत लोक रेडिओभोवती बसत. दुसऱ्या दिवशी शेतकरी ढिगापाशी उभा राहून म्हणे, "काल अमरावतीले एवढा होता, इथं कामून कमी?" त्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागे. मालाची प्रत हलकी असेल तर तसं सांगावं लागे, दाणा हातावर घेऊन दाखवावं लागे.

आमच्या यार्डातल्या एका गाळ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. वडील अचानक गेले आणि पंचविशीतला मुलगा गादीवर बसला. गाळ्याचं नाव चांगलं नव्हतं. दिवाणजी आणि हमाल एकमेकांशी बोलत नसत, कारण सांडलेल्या मालाचं मातेरं रोज कोण नेतं यावरून त्यांच्यात धुसफूस होती. मातेरं म्हणजे थोडाथोडका माल नसतो. हंगामात एका गाळ्यासमोर दिवसाला पोतंभर सांडू शकतं. सांडतं, की सांडवलं जातं, हाच वादाचा मुद्दा.

त्या मुलाने आधी खतावणी आतल्या कपाटातून काढली आणि ओट्यावरच्या मेजावर ठेवली. ज्याचं खातं, त्याने केव्हाही आपलं पान उघडावं. वाचता येत नसेल तर दिवाणजीने सगळ्यांसमोर वाचून दाखवावं. मग मातेरं. रोज संध्याकाळी ते झाडून, पाखडून काट्यावर ठेवायचं, वजन ओट्याच्या भिंतीवर खडूने लिहायचं आणि विकून आलेल्या पैशांतला अर्धा वाटा त्या दिवशी माल आणलेल्या शेतकऱ्यांना, अर्धा हमाल आणि दिवाणजी यांना. शनिवारी वाटप. पहिल्या आठवड्यात भिंतीवरचे आकडे मोठे होते. हंगाम अर्धा संपेपर्यंत ते अगदी खाली आले. पोती नीट शिवली जाऊ लागली, ताडपत्री अंथरली जाऊ लागली, आणि हे कोणी कोणाला सांगितलं नाही. हमालांचा वाटा त्यामुळे घटला, तरी त्यांनी तक्रार केली नाही. मी त्यांच्यातल्या एकाला कारण विचारलं. तो म्हणाला, आता आमच्याकडे कोणी चोर म्हणून पाहत नाही.

इतर अडत्यांना ते आवडलं नाही. शेतकरी त्यांच्याकडेही वही मागू लागले. काहींनी निमूटपणे दाखवली, काहींनी नाही. मी लेखनिक होतो, मला सक्ती करण्याचा अधिकार नव्हता. कायद्यात मातेऱ्याबद्दल एक अक्षर नाही.

२०१६ हे वर्ष बाजार समित्यांना ढवळून गेलं. जुलैत राज्य सरकारने शेतकऱ्याकडून अडत कापणं बंद केलं. ती खरेदीदाराने द्यावी असं ठरलं. फळं आणि भाजीपाला नियमनातून मोकळा झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्राने ई-नाम सुरू केलं, ज्यात बोली संगणकावर लागते आणि ती दुसऱ्या गावचा खरेदीदारही लावू शकतो. हे चांगलंच आहे. पण दूरच्या खरेदीदाराला ढीग दिसत नाही, दाणा चावता येत नाही. त्याला मालाची प्रत सांगणारी प्रयोगशाळेची चिठ्ठी हवी आणि त्या चिठ्ठीवर भरवसा हवा. भाव पडद्यावर आला तरी ओलावा किती, कचरा किती, हे कोण आणि कोणासमोर मोजणार, हा जुना प्रश्न उभाच राहतो. आणि आता पुष्कळसा कापूस तर यार्डात येतच नाही. बंडीची जागा पिकअपने घेतली आहे आणि ती थेट जिनिंगच्या दारात जाते. तिथे काटा आहे, पण शेजारी वही घेऊन उभा असलेला तिसरा माणूस नाही.

सध्या आमच्या भागातल्या काही तरुणांनी शेतकरी उत्पादक कंपनी काढली आहे. सभासदांकडून सोयाबीन आणि तूर घेऊन एकत्र विकायची, अशी योजना. पहिल्याच हंगामात सभासद कुजबुजू लागले की संचालकांच्या नातलगांचा माल कोरडा धरला जातो आणि आपला ओला. संचालक माझ्याकडे आले. ते आपल्या प्रामाणिकपणाची हमी देत होते आणि मला ती खरी वाटते. मी त्यांना विचारलं, ओलावा मापायचं यंत्र कुठे ठेवलं आहे? ऑफिसात, टेबलावर, संचालकाकडे तोंड करून. मालवाला खिडकीबाहेर.

आम्ही ते यंत्र ओसरीत आणलं. नमुना आता मालवाला स्वतः काढतो, पोत्याच्या तीन जागांहून. बटण तो दाबतो. आकडा मोठ्याने वाचला जातो आणि फळ्यावर नावासमोर लिहिला जातो, संचालकाच्या काकाचाही. बारा टक्क्यांच्या वर गेलं तर किती कपात, तो तक्ता शेजारी चिकटवला आहे. कंपनीने तो माल कोणाला, काय भावाने विकला आणि वाहतुकीला काय गेलं, तेही दर शनिवारी त्याच फळ्यावर येतं. वाहतुकीचा आकडा लिहायला संचालक पहिल्यांदा कचरले, कारण एका फेरीत ट्रक अर्धा रिकामा गेला होता. तो लिहिला, तेव्हा एका सभासदाने शेजारच्या गावची तूर त्याच ट्रकमध्ये भरायची सोय करून दिली. बारदान्याचा खर्च कंपनीने सोसायचा की मालवाल्याने, यावर मात्र अजून एकमत झालेलं नाही. गेल्या सभेत त्यावर चांगली जुंपली, आणि पुढच्या महिन्यात बारदान्याच्या बिलांसकट तो विषय पुन्हा सभेपुढे येणार आहे.